नवतप्याची कांडी

आमच्याकडे बर्फाच्या कांडीचं काम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं. तेव्हा नागपुरात पहाटे अजून पांघरूण लागतं, कूलर माळ्यावर असतो आणि थंड काही मागायला फाटकाशी कोणी येत नाही. पण संत्रा मे महिन्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे त्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं दसरा-दिवाळीपासून बाजारात येतात आणि थंडीतच संपत येतात. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, फार तर एप्रिल पाहतात. ज्या महिन्यात नागपूर 45 अंशांवर तापतं, त्या महिन्यात इथल्या झाडावर पुढच्या हंगामाचा हिरवा, बारका संत्रा असतो. म्हणजे मेअखेरीच्या नवतप्यात कोणाला नागपुरी संत्र्याची कांडी द्यायची असेल, तर तिचा रस मार्चमध्येच गोठवून ठेवायला हवा.

त्यासाठी मी सकाळीच कळमन्याच्या बाजारात जाते. ट्रकच्या ट्रक माल लिलावात जातो, ते आपलं काम नाही. लिलाव आटोपला की बाजूला जे लहान फळ उरतं, ज्याला व्यापारी ‘चुरी’ म्हणतात, ते मी घेते. दिसायला बारीक, सालीवर डाग असलेलं, परगावी पाठवायला कोणी पेटीत भरत नाही असं फळ. रसाला ते चांगलं असतं आणि माझ्या खिशाला झेपतं. एक फळ तिथेच सोलून खाऊन पाहायचं, मगच भाव करायचा. विकणारे भाऊ आता ओळखतात. ते स्वतःच एक सोलून हातावर ठेवतात.

संत्र्याच्या कामात सगळी परीक्षा रस काढताना होते. बी आणि फोडीवरचा पांढरा पापुद्रा यांत एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नाही. फोड फुटून ते आंबट रसात मिसळलं की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन मात्र चांगलंच कडू. म्हणून काढल्या-काढल्या गोड लागणारा रस दोन-तीन तास तसाच ठेवला की घशाशी कडवट येतो. गरम केला तर आणखी लवकर. मिक्सरमध्ये फोडी फिरवल्या आणि चार बिया चिरडल्या गेल्या, तर अख्खं पातेलं हातचं जातं. त्यामुळे आमच्याकडे हे काम हातानेच होतं. साल काढायची, रेषा काढायच्या, फोड मधोमध उघडून बिया बोटाने बाहेर घ्यायच्या, आणि मलमलीच्या फडक्यात घालून हलक्या हाताने दाबायचं. शेवटचे थेंब पिळून काढण्याचा मोह सोडायचा, कारण सगळा कडूपणा त्या शेवटच्या पिळण्यात उतरतो. रस निघाला की लगेच स्टीलच्या पसरट डब्यांत बोटभर उंचीचा ओतून फ्रीजरमध्ये. साखर नाही, पाणी नाही, काही नाही. त्याची कांडी एप्रिल-मेमध्ये होईल. सालं गच्चीवर वाळतात आणि दिवाळीला उटण्यात जातात.

हे सगळं एका घरगुती धंद्यासाठी जास्तच वाटेल. सक्करदऱ्याच्या मागे, एका जुन्या ले-आउटमध्ये आमचं घर आहे. पुढच्या खोलीच्या खिडकीतून मी कांड्या विकते. मागच्या ओसरीत डीप फ्रीजर आहे, स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली. मदतीला शेजारची एक मुलगी येते, ती सध्या बी.कॉम. करते आहे आणि हिशेबाची वही तिच्याकडे असते. अन्नसुरक्षा कायद्याखाली माझ्यासारख्या, कमी उलाढाल असलेल्या लहान कामाला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. वर्षाला 100 रुपये फी. ती पावती मी खिडकीच्या आत लावून ठेवली आहे. गिऱ्हाईक ती वाचत नाही, पण ती तिथे असावी असं मला वाटतं.

लहानपणी आमच्या घरी वर्षातून एकदा पॉटचं आईस्क्रीम व्हायचं. पॉट भाड्याने यायचा. बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर यायची. वडील ती फोडायचे आणि डब्याभोवती बर्फ, वर खडेमीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ असे थर द्यायचे. मीठ कशाला, असं मी विचारलं तर उत्तर मिळायचं, ‘त्याशिवाय जमत नाही.’ आज त्याचं कारण मला नीट ठाऊक आहे. मीठ बर्फाला शून्याच्या खालीच वितळायला लावतं. वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि डब्याभोवतीचं खारं पाणी शून्याच्या कितीतरी खाली उतरतं, तेव्हा कुठे आतलं दूध धरतं. त्या मिठाचा उपयोग मी आजही करते, फक्त दुसऱ्या रीतीने. ते पुढे येईलच.

आधी पाण्याचं. कांडी म्हणजे बहुतेक पाणीच. बर्फात जंतू मरतात असा समज अजून घरोघरी आहे, तो खरा नाही. गोठल्यावर ते गप्प पडून राहतात आणि तोंडात वितळलं की पुन्हा जागे होतात. उन्हाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रो याच वाटेने येतात. शहरात पेंचचं पाणी नळाला येतं, तेच मी वापरते, पण खळखळून उकळून, झाकून. बाहेरचा बर्फ माझ्या घरात येत नाही. 2018 मध्ये राज्यात असा नियम झाला की खाण्याजोगा नसलेला, माल टिकवण्यासाठी केलेला बर्फ निळसर रंगाचा असावा, म्हणजे तो सरबतात आणि गोळ्यात जाणार नाही. नियम फार चांगला आहे. गोळ्याच्या गाडीवर मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने लादीचा रंग बघावा आणि गाडीवाल्याला बर्फ कुठून आणला हेही विचारावं. विचारण्यात अपमान काही नाही.

उकळलेलं पाणी, त्यात साखर, म्हणजे उकळता पाक. हा तसाच फ्रीजरमध्ये ढकलला तर फ्रीजर रात्रभर हाशहुश करतो, आतला बाकीचा माल मऊ पडतो आणि विजेचं बिल वाढतं. एक लिटर उकळतं पाणी शून्यावर आणायला 100 हिस्से उष्णता काढावी लागत असेल, तर त्या शून्यावरच्या पाण्याचा बर्फ करायला आणखी 80 हिस्से. या 180 मधले जितके हिस्से फ्रीजरच्या बाहेर काढता येतील तितके काढायचे. आणि इथे नागपूरचा उन्हाळा, ज्याला आपण एवढ्या शिव्या देतो, तोच कामाला येतो.

मे महिन्यात इथली हवा कोरडी असते. दुपारी आर्द्रता बरेचदा 20 टक्क्यांच्या खाली जाते. दोरीवर टाकलेली ओली साडी घडी घालायला हात पुढे करेपर्यंत वाळते. या हवेत ओल्या फडक्यातून पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच एका गोष्टीवर अख्खं नागपूर झोपवतो. म्हणून मी पाकाचं पातेलं जरा निवलं की मोठ्या परातीत ठेवते, परातीत चार बोटं पाणी, पातेल्याभोवती जाड सुती फडकं असं गुंडाळायचं की त्याची टोकं पाण्यात राहतील आणि पाणी वर चढत राहील. वर घट्ट झाकण. आणि परात कूलरच्या तोंडासमोर. बाहेर 44 अंश असले तरी तासा-दीड तासात पातेलं पंचवीस-सव्वीस अंशांवर येतं. ना बर्फ लागला, ना फ्रीज. तिथून ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जातं, आणि रात्री फ्रीजरमध्ये. शेजारच्या मुलीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती पातेल्याला हात लावून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली होती. मग तिने घरी जाऊन आजीच्या पाण्याच्या तांब्याला ओलं फडकं गुंडाळलं.

रात्रीच का, तर दिवसा ओसरीतच चाळीसच्या वर तापमान असतं. अशा हवेत फ्रीजरच्या मागची जाळी आपली उष्णता टाकणार कुठे? म्हणून नवा माल रात्री दहानंतर. फ्रीजर भिंतीपासून वीतभर पुढे, मागे हवा खेळती. आणि एकावर एक रचायचं नाही. पहिल्या रात्री एकच थर, पसरलेला. लवकर गोठलं तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि कांडी दाताखाली मऊ तुटते. हळूहळू गोठलं की लांबच लांब काचेसारख्या सुया तयार होतात, रंग आणि साखर मध्ये ढकलली जाते, आणि मुलांनी ती चोखली की दोन मिनिटांत हातात नुसता पांढरा बर्फ उरतो. लहानपणी चौकात घेतलेल्या कांड्यांचं असंच व्हायचं.

साखरेचा हिशेब हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. कमी घातली की कांडी दगड होते, जास्त घातली की धरतच नाही, प्लास्टिकच्या पन्नीत चिकट लगदा राहतो. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे पातेल्यात चाखताना जे जरासं जास्त गोड वाटतं तेच गोठल्यावर बरोबर लागतं. फळातली धरून लिटरला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम साखर, याच्या आसपास मी राहते. त्याखाली जायचं असेल तर धरून ठेवणारं दुसरं काही हवं. साबुदाणा भिजवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून, घोटून त्याची पातळ पेज लिटरला चार-पाच चमचे घातली की बर्फाच्या सुया मोठ्या होत नाहीत. उपासाचं घर असलं की साबुदाणा असतोच. बेलफळाला तर तेही लागत नाही. पिकलेला बेल फोडून गर पाण्यात भिजवायचा, हाताने कुस्करायचा, बिया आणि त्यांभोवतीचा डिंक चाळणीवर सोडायचा, आणि खाली जो दाटसर केशरी गर उतरतो तो स्वतःच असा गुळगुळीत गोठतो की त्यात दूध घातलंय का, असं लोक विचारतात. बेलाची कांडी ही माझी सर्वांत आवडती. विकली मात्र सर्वांत कमी जाते. म्हाताऱ्या माणसांखेरीज ती कोणी मागत नाही आणि मी ती करणं सोडत नाही.

चिकू-दूध, आंबा, गुलाब हेही होतं. दूध आटवायचं, निववायचं, भरायचं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, लग्नाच्या आणि मुंजीच्या ऑर्डरी त्यावर चालतात.

दोन प्रकारे भरते. खिडकीशीच उभं राहून खाणाऱ्यांसाठी स्टीलचे साचे आणि बांबूची काडी. 2022 च्या जुलैपासून देशभर आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्यांवर बंदी आहे, आणि तसंही बांबूची काडी हातात चांगली बसते. घरी नेणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी लांबट पन्नीतली, जिला सगळी पोट्टी ‘पेप्सी’च म्हणतात. पन्न्या इतवारीतून किलोवर येतात, खाद्यपदार्थासाठीच्या मागून घ्याव्या लागतात. पन्नीचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. फाटकापाशी डबा ठेवला आहे, पाच रिकाम्या पन्न्या आणून टाकल्या की एक कांडी आठ आण्यांनी स्वस्त, म्हणजे दहा पन्न्या देऊन दोन घेतल्या की रुपया सुटतो. त्यामुळे आमची गल्ली तरी स्वच्छ राहते.

पन्नी बंद करण्याची माझी रीत जुनीच आहे. आता हाताने दाबायची सीलिंग मशीन मिळते, माझ्याकडेही आहे, पण वीज नसली की काम तिच्यामुळे थांबतं. जुन्या रीतीला लागते एक लोखंड कापायच्या करवतीची पट्टी आणि एक मेणबत्ती. पन्नी नरसाळ्याने भरायची, वर अडीच-तीन बोटं मोकळी सोडायची, कारण पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगतं आणि गच्च भरलेली पन्नी रात्रीत फुटते. मग तोंडातली हवा चिमटीने काढायची, तोंड पट्टीवर दुमडायचं, दुमडीचा केसभर भाग पट्टीबाहेर ठेवायचा आणि ती कड ज्योतीच्या कडेवरून एका दमात ओढायची. ज्योतीच्या टोकावरून नाही, तिथे काजळी धरते. कडेवरून, निळसर भागाजवळून. थांबलात तर भोक पडतं, घाई केली तर चिकटत नाही. प्लास्टिक वितळून बारीक मणी धरल्यागत कड तयार होते, तिच्यावर नख फिरवलं की कळतं कुठे सुटली आहे. पंखा आणि कूलर दोन्ही बंद करूनच हे काम करावं लागतं, नाहीतर ज्योत हलते. म्हणून ते पहाटे साडेचारला. घाम पुसायचा हात आणि पन्नी धरायचा हात वेगळे ठेवायचे, ही शिस्त मुलीला शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता मिठाचं. मे महिन्यात लाइन जाते. दुपारी, सगळे एसी एकदम चालू असताना जाते, आणि वळवाच्या वादळात तार तुटली की रात्रभर येत नाही. डीप फ्रीजर बंद ठेवला तर गार राहतो हे खरं, पण साखर घातलेली कांडी शून्याच्या थोडी खालीच मऊ व्हायला लागते, पाण्याच्या बर्फाइतकी ती दमदार नसते. म्हणून मी रिकाम्या बाटल्यांत लिटरला 100 ग्रॅमच्या बेताने मीठ विरघळवून भरते, वर जागा सोडते आणि फ्रीजरच्या कडेने, मध्ये, झाकणाखाली जिथे सापट असेल तिथे उभ्या करते. हे खारं पाणी उणे सहा अंशांच्या आसपास वितळतं. लाइन गेली की आत शिरणारी उष्णता आधी या बाटल्या पितात. त्या पूर्ण वितळेपर्यंत आतलं तापमान उणे पाच-सहाच्या जवळ अडून राहतं आणि कांड्या खणखणीत राहतात. साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर काही उपयोग नाही, त्या शून्याला वितळणार, तोवर कांड्या कधीच बसलेल्या असतात. वरून दोन गोधड्या टाकायच्या आणि झाकण उघडायचं नाही. खिडकीवर तेव्हा पोट्टी जमतात. ‘काकू, लाइन गेली ना, आता सगळ्या वाटून द्या!’ मी थर्मासच्या खोक्यात आधीच काढून ठेवलेल्या विकते आणि फ्रीजरला हात लावत नाही. एखाद्या वर्षी रात्रभर नसतेच लाइन, तेव्हा जो माल बसतो तो पुन्हा गोठवून विकायचा नाही. त्यातली साखर खाली बसलेली असते आणि किती वेळ तो कोमट राहिला हे सांगता येत नाही. तो ओतून द्यायचा. मुलीला ते फार लागतं. मलाही लागतं.

पण मी कांडीत मीठ घालायला लागले ते या बाटल्यांमुळे नाही. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. मिस्त्री आणि बिगारी दुपारच्या सुट्टीत खिडकीशी यायचे. डोक्याला दुपट्टा, पापण्यांवर सिमेंट. कैरीची कांडी तेव्हा मी गोड करायची, वेलची घालून, मुलांना आवडते तशी. मिस्त्री एक दिवस म्हणाले, ‘ताई, चव चांगली हाय, पण गोड जास्त होऊन राहिलं. खाल्ल्यावर तहान वाढते. मीठ टाका ना जराकसं.’ साधी गोष्ट होती. दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाचं मीठ अंगातून जातं. त्याच्या शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग दिसतात, ते मी रोज पाहत होते.

मग कैरीची रीत बदलली. गावरान कैरी, एप्रिलमध्ये बुधवारच्या बाजारात येते ती. उकडून गर काढायचा, त्यात गूळ बेताचा, काळं मीठ आणि साधं मीठ मिळून लिटरला अर्ध्या चमच्याच्या वर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि पुदिना असला तर ठेचून. उकडलेल्या कैरीचा गर स्वतःच दाट असतो, त्यामुळे गूळ कमी असूनही ती दगड होत नाही. मीठही गोठणं थोडं खाली ढकलतं. ही कांडी काडीवर नाही, पन्नीतच. कारण बांधकामावर, गाडीवर, झाडू मारताना एक हात मोकळा लागतो. कोणी ती आधी मानेला लावतं, मग खातं. महानगरपालिकेच्या झाडूवाल्या मावशी सकाळची पाळी संपवून साडेअकराला येतात तेव्हा तीच नेतात. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फिरणारी डिलिव्हरीची मुलं तीच नेतात. घरांतल्या मुलांना ती आवडत नाही, आणि ठीक आहे.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ही कांडी औषध नाही. कोणी चक्कर आली म्हणून माझ्या खिडकीशी आला तर मी त्याला कांडी देत नाही. आधी सावली, मग पाणी, मग ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. माझ्या सर्वांत कमी गोड कांडीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट साखर आहे, नाहीतर ती गोठून खाण्याजोगी राहणारच नाही. आणि ज्याचं अंग तापलंय, बोलणं असंबद्ध झालंय, त्याला तोंडातून काहीच द्यायचं नाही. अंगावर पाणी, वारा आणि दवाखाना. 108 नंबर खिडकीच्या चौकटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला आहे.

अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि 2016 मध्ये नागपूरनेही केला. पाणपोया, दुपारी उघड्या ठेवलेल्या बागा, दवाखान्यांत वेगळ्या खाटा असं त्यात असतं. अलीकडे चौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्याही दिसतात. त्या जाळीखाली दुचाकीवर मिनिटभर उभं राहिलं की आराखडा म्हणजे काय ते कळतं. मला वाटतं यात सर्वांत मोठी सोय कामाची वेळ बदलण्याची आहे, आणि ती सर्वांत कमी ठिकाणी होते. आमच्या शेजारच्या बांधकामावर मुकादमाने सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर अशी वेळ केली, तेव्हा दुपारची माझी विक्री निम्मी झाली. मला त्याचा आनंदच झाला.

2024 च्या मे अखेरीस, ऐन नवतप्यात, गल्लीतला एक पोरगा मोबाइल नाचवत आला. ‘काकू, छप्पन्न! नागपूर छप्पन्न डिग्री झालं म्हणे!’ शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. बातमी देशभर गेली. पुढे हवामान खात्याने सांगितलं की त्या यंत्राचा सेन्सर बिघडला होता, बाकी ठिकाणी तापमान 44-45 च्या आसपासच होतं. पोट्टे जरा हिरमुसले. पण माणसाला पाडायला 44 पुरतात. एवढ्या तापात अंग गार ठेवायचा एकच मार्ग, घाम, आणि तो यायला पाणी आणि मीठ आत असावं लागतं. मे महिन्यात निदान हवा कोरडी असते, घाम वाळतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, पाऊस पडत नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतो, माझी परात पातेलं निववत नाही, तेव्हा तापमान चाळीसच्या खाली असूनही माणसं जास्त कासावीस होतात. त्या दिवसांत खारी कैरी सगळ्यात जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच गावरान कैरी पाडाला लागून संपत आलेली असते. म्हणून एप्रिलमध्येच तिचा उकडलेला गर मी संत्र्याच्या रिकाम्या झालेल्या डब्यांत गोठवून ठेवते.

कैरी संपली की अंबाडी. लाल अंबाडीची बोंडं हिवाळ्यात बुधवारच्या बाजारात येतात. गावाकडच्या बाया टोपलीत घेऊन बसतात. पाकळ्या सोडवून, वाळवून डबा भरून ठेवलेला असतो. उन्हाळ्यात मूठभर गरम पाण्यात टाकली की गडद लाल, आंबट अर्क उतरतो. रंग वेगळा घालावा लागत नाही. मुलांना तो लाल रंग दिसला की दुसरं काही दिसत नाही, आणि मी त्यांना ती निर्धास्त देते, कारण जीभ रंगते ती फुलाने.

यंदा साखर महागली, पन्न्या महागल्या, विजेचं बिल वाढलं. मुलीने वहीत आकडे मांडून दाखवले की पन्नीतली कांडी पाचची सात केल्याशिवाय जमणार नाही. तिचा हिशेब बरोबर आहे. आम्ही दोघी त्यावर दोन संध्याकाळ बसलो. शेवटी चिकू-दूध पंधराची वीस केली, आंबाही वीस, लग्नाच्या ऑर्डरीचा भाव वाढवला, संत्रा दहाचा बारा. खारी कैरी पाचलाच ठेवली. वहीत त्या ओळीपुढे तोटा दिसतो, तो वरच्या चार ओळी भरून काढतात. मुलीचं म्हणणं होतं की मग निदान आकार तरी लहान करू. मी नाही म्हटलं. फलकावर नवे भाव लिहून झाले तेव्हा मिस्त्री उभेच होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, खालच्या ओळीवर जरा थांबले आणि म्हणाले, ‘सात केली तरी घेऊ ताई. मीठ तेवढं कमी करू नका.’